फर्माईशीचे कार्ड आणि सुट्टीतली गाणी

१० एप्रिलला निकाल लागे. पास झाल्याची खात्री करून घेतली की आम्ही मुले घरी जाण्याआधी पोस्टात जात असू. पंधरा पैशांचे एक कार्ड. त्यासाठी पाचजणांनी तीन-तीन पैसे काढायचे आणि ज्याचे अक्षर बरे त्याने ते लिहायचे, असा आमच्या गल्लीचा शिरस्ता होता. मजकूर ठरलेला. ‘सप्रेम नमस्कार, आम्हाला सुट्टी लागली आहे, तरी सशाचे गाणे ऐकवावे.’ खाली नावे. नावांत मात्र भांडणे होत. पैसे पाचजणांनी दिलेले असत आणि नावे बारा-तेरा निघत. कुणाची धाकटी बहीण, कुणाचा आजोळी आलेला मामेभाऊ, एकदा तर एका मित्राच्या म्हशीचे नावही घुसले होते. पत्त्याच्या बाजूलासुद्धा नावे चढत आणि पोस्टमनकाका कार्ड हातात घेऊन म्हणत, ‘अरे, पत्त्याला तरी जागा ठेवा की!’

हे १९७८-७९ च्या सुमाराचे. घरात रेडिओ असणे ही तेव्हाही थोडी मिरवायची गोष्ट होती. त्याला परवाना लागे, त्याचे वार्षिक पैसे पोस्टात भरावे लागत, आणि न भरलेल्या घरी कुणी खाकी कपड्यातला माणूस दारात आला की रेडिओवर पटकन लुगडे टाकले जाई. ज्या घरी रेडिओ, त्या घरच्या ओसरीवर गल्लीतली सगळी पोरे. त्या घरच्या मुलाला न खेळताही विटीदांडूत पहिला डाव मिळे, हे ओघाने आलेच.

बेळगावच्या माणसाचा रेडिओ हा एक वेगळाच प्रकार होता. धारवाड आम्हाला जवळ. तिथले केंद्र ८ जानेवारी १९५० ला सुरू झालेले, आवाज खणखणीत, पण भाषा मुख्यतः कानडी. सांगलीचे केंद्र १९६३ चे. तेही यायचे, पण सुईचा केस इकडचा तिकडे झाला की गेलेच. पणजी यायची ती घाटावरच्या ढगांच्या मर्जीने, असे आमचे आजोबा म्हणत. ढगांचा त्यात काही हात नव्हता हे आम्हाला पुढे शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी विज्ञानाचे पाठ काढताना कळले. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या अंगाने जातात, त्यामुळे फार लांब पोचत नाहीत. सूर्य मावळला की वातावरणातला त्यांना शोषून घेणारा खालचा थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैल पलीकडे उतरतात. म्हणून मुंबई आम्हाला रात्रीची मिळे. ‘आपली आवड’ ऐकताना मध्येच कुठले तरी परके स्टेशन वर चढे, आणि नेमके नावे वाचायच्या वेळीच चढे.

पणजी केंद्राचीही एक गंमत आहे. पोर्तुगीज अमदानीत ‘एमिसोरा द गोवा’ म्हणून जे केंद्र चाले, त्याच्या जागी गोवा मुक्त झाल्यावर आकाशवाणी आली. आमच्या शहरात आणि खानापूरकडे मूळचे गोव्याचे ख्रिस्ती लोक पुष्कळ. डिसेंबरात नाताळच्या दिवसांत त्यांच्या घरांतून पणजी लावलेली असे आणि कोकणी गाणी रस्त्यावर ऐकू येत. त्यातली विनोदी गाणी लागली की घरातली म्हातारी माणसेसुद्धा हसत हसत ताल धरीत. शब्द आम्हाला निम्मेच कळत. हसायला तेवढे पुरे होते.

आणि ‘आकाशवाणी’ हा शब्द तरी कुठला? तो म्हैसूरचा. १९३५ साली म्हैसुरात एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी खासगी नभोवाणी केंद्र काढले, त्या केंद्राचे हे नाव. पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते उचलले, आणि २०२३ साली तर प्रसार भारतीने ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे इंग्रजी नाव वापरायचे बंद करून सगळीकडे हेच ठेवले. सीमेवरच्या दोन्ही बाजूंच्या भाषाभिमान्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही, एवढेच जाता जाता.

फर्माईश या प्रकाराला सरकारदरबारी प्रतिष्ठा मिळायला वेळ लागला. बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे मोठे जाणकार. सिनेमाची गाणी ऐकून जनतेची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत, त्यामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. जनतेने काय केले? तिने सुई सिलोनकडे वळवली. १९५२ सालीच तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पत्रांच्या गोण्या कोलंबोच्या नावाने जाऊ लागल्या. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. शिक्षक या नात्याने आम्हाला केसकरांबद्दल थोडी सहानुभूतीही वाटते. मुलांनी चांगले तेच ऐकावे, असे वर्गात आम्हालाही रोज वाटते. पण चांगले काय ते आपण ठरवून वर दार लावून घेतले की मुले खिडकीतून जातात, हा अनुभवही रोजचाच.

फर्माईशीच्या दुनियेत झुमरी तिलैयाचे नाव कोण विसरेल? तेव्हाच्या बिहारमधले, आता झारखंडमधले, अभ्रकाच्या खाणींचे हे गाव. तिथून इतकी पत्रे जात की असे गाव खरोखर आहे की निवेदकांनी मनाने रचले आहे, अशी लोकांना शंका येई. आमच्या भागाला ते भाग्य लाभले नाही. पण ‘जयमाला’ लागली की तालुक्यातली गावे कान टवकारीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात. खेड्याखेड्यांतले तरुण पलटणीत. फौजी भावांच्या पसंतीच्या त्या कार्यक्रमात कुठल्या तरी बर्फातल्या चौकीवरून आलेल्या नावांत आपला कुणी आहे का, म्हणून बायका चुलीपुढचे काम टाकून ओसरीवर येत. ती नावे बहुधा आडनावासकट हिंदी वळणाने वाचली जात. तरी आईला ती बरोबर कळत.

आता सुट्टीतल्या गाण्यांकडे येऊ. वर्षभर मोठ्यांची फर्माईश चाले. भावगीते, नाट्यगीते, लावण्या. मोठ्यांच्या त्या यादीत मुलांच्या कार्डांना जागा कमीच. उन्हाळा आणि दिवाळी या दोन सुट्ट्यांत मात्र मुलांचे राज्य. आणि मुलांनी मागितलेली गाणी बहुतेक गमतीची असत. सिनेमात गेलेल्या सशाचे राजा मंगळवेढेकरांचे गाणे, त्यांचेच चॉकलेटच्या बंगल्याचे, माडगूळकरांचे आगगाडीतून मामाकडे जाण्याचे. ‘नाच रे मोरा’ला तर तोड नव्हती. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले हे गाणे माडगूळकरांनी लिहिले, आशाबाईंनी गायिले, पण त्याची चाल पु. ल. देशपांड्यांची, आणि पु. ल. काही काळ आमच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. म्हणजे तो मोर थोडासा बेळगावचा, असे आम्ही वर्गात ठासून सांगतो. कुणी आक्षेप घेतलेला नाही.

मे महिना हा लग्नसराईचा. दादापाशी गोऱ्यापान वहिनीचा हट्ट धरणारे माडगूळकर-खळ्यांचे जे गाणे आहे, ते त्या दिवसांत हमखास मागितले जाई. आमच्या गल्लीत एका थोरल्या दादाचे लग्न काही केल्या ठरत नव्हते. आम्ही पोरांनी त्याच्या नावाने त्या गाण्याची फर्माईश पाठवली. आमच्या दुर्दैवाने ते कार्ड निवडले गेले. सगळ्या गल्लीत नाव, गावासकट, घुमले. त्या दादाने आम्हाला विहिरीपर्यंत पळवले. त्याच दिवाळीनंतर त्याचे लग्न झाले, पण त्याचे श्रेय आम्हाला कुणी दिले नाही.

थट्टेचे गाणे म्हणजे हलके गाणे, असे समजणाऱ्यांसाठी एक परदेशातली हकिगत सांगावीशी वाटते. न्यूयॉर्क राज्यातल्या स्मिथटाउन गावात डोनाल्ड गार्डनर नावाचे संगीतशिक्षक होते. १९४४ साली दुसरीच्या वर्गात त्यांनी विचारले, नाताळला तुम्हाला काय हवे? मुले बोलू लागली आणि यांच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येकाचे पुढचे दात पडलेले आहेत आणि ‘स’ नीट निघत नाही. त्यांनी त्याच दिवशी, नाताळला मला माझे पुढचे दोन दात द्या, अशा अर्थाचे गाणे रचले. १९४८ च्या नाताळात स्पाइक जोन्सच्या वाद्यवृंदाने केलेली त्याची तबकडी अमेरिकेत घरोघर वाजली. ते गाणे त्यांना सुचले, कारण मुले कशी बोलतात इकडे त्यांचे लक्ष होते. एवढे लक्ष आमच्यापैकी किती शिक्षकांचे असते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

कारण आमच्याकडच्या मुलांचे बोलणे हा स्वतंत्र विषय आहे. घरी मराठी, गल्लीत मराठी-कानडी मिसळलेली, बाजारात कानडी-हिंदी. मराठीत ‘च’ दोन आहेत. चमच्यातला वेगळा आणि चिंचेतला वेगळा. लिहायला अक्षर एकच, त्यामुळे पुस्तकातून ते कळायचे नाही, कानानेच कळायचे. तसेच ‘घर’ आणि ‘गर’, ‘भात’ आणि ‘बात’. बोलीतल्या कानडीच्या सवयीने महाप्राण गळून पडतात आणि मूल ‘बाकरी’ मागते. आम्ही वर्गात दहा वेळा सुधारून जे होत नाही, ते गमतीच्या गाण्याने होते. ताल धरून म्हणताना चुकीचा उच्चार मुलाला स्वतःलाच खटकतो. पूर्वी हे काम रेडिओ करीत होता आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

सुट्टीचे वेळापत्रक हा आमचा आणखी एक वांधा. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, तशी आमच्या शाळांची सुट्टीही गेली. कर्नाटकात सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रात दिवाळीची. उन्हाळ्याची सुट्टी आम्हाला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागे, तिकडे ती मेच्या तोंडावर. आमची शाळा जूनच्या आरंभाला उघडे, तिकडची मुले अजून पंधरा दिवस आंबे खात असत. परिणाम असा की आमच्या सुट्टीच्या आरंभाला सांगली-मुंबईकडून सुट्टीची गाणी लागत नसत, कारण तिकडे परीक्षा चालू. आणि आम्ही नवी पुस्तके घेऊन वर्गात बसलो असताना रेडिओवर सुट्टीची मौज रंगलेली असे. दिवाळीत आतेभाऊ कोल्हापूरहून येई, तो तीन आठवडे मोकळा आणि आम्ही चार दिवसांचे पाहुणे. शाळेला सुट्टी मिळेल का म्हणून भोलानाथाला विचारणारे पाडगावकरांचे गाणे आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी मागवीत असू. पाऊस आमच्याकडे तेव्हाच सुरू होतो आणि सुट्टीची खरी गरज तेव्हाच असते. ते एकदाही वेळेवर लागले नाही. एकदा ऑगस्टात लागले.

नावे वाचण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. येळ्ळूरचे ‘येलूर’ होई, कंग्राळीचे ‘कांगराळी’, मुतग्याचे तर सांगायलाच नको. पण गावाचे नाव मराठी निवेदकाच्या तोंडून आले याचेच अप्रूप. तालुक्याच्या कचेरीत ज्या गावाची पाटी कानडीत, एसटीची पाटी कानडीत, त्या गावाचे नाव रेडिओवर मराठीत घेतले जाते, हे लहान मुलालाही कळत असे. आणि म्हणूनच एका केंद्रावर एकदा निवेदकाने ‘आता आपल्या परराज्यातील बालश्रोत्यांचे पत्र’ असे म्हटले, ते आम्हाला लागले. केंद्राचे नाव घेत नाही. त्या बिचाऱ्याने कौतुकानेच म्हटले असेल. आमची आई काही बोलली नाही, तिने फक्त रेडिओचा आवाज बारीक केला. गाणे सशाचेच होते, पण त्या दिवशी कुणी बरोबर म्हटले नाही.

पुढे दूरदर्शन आले, कॅसेट आल्या, मग तबकड्या, मग मोबाइल. मध्यम लहरींची कितीतरी प्रक्षेपणे प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत बंद केली. आकाशवाणीची केंद्रे आता मोबाइलवरच्या अ‍ॅपवर खरखरीशिवाय ऐकता येतात, आणि ही सोय उत्तमच आहे. धारवाड, सांगली, पणजी यांच्यात आता जवळ-लांब असे काही उरले नाही. अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. गाणे हवे असेल तर मूल मोबाइलला तोंडाने सांगते आणि ते लागते. मागायचे कुणाला, वाट कशाची बघायची? आमच्या सातवीच्या वर्गात ‘फर्माईश’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर एका मुलाने ‘बिर्याणीचा एक प्रकार’ असे उत्तर दिले.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयाच्या समितीने मुलांसाठी एक खेळ केला. दारात पत्र्याची पेटी ठेवली, कोरी कार्डे दिली आणि सांगितले की आवडते गमतीचे गाणे मागा, शनिवारी संध्याकाळी अंगणात कर्ण्यावर लावू, नाव-गावासकट वाचू. कार्ड देवनागरीतच हवे, अशी अट घातली. अट आमचीच सूचना होती, हे कबूल करतो.

पहिल्या शनिवारी पेटी उघडली तर समितीत वादाला तोंड फुटले. कार्डे भरपूर होती. पण निम्मी हिंदी सिनेमातल्या नाचगाण्यांची, काही मिरवणुकीत डीजेवर वाजणाऱ्यांची. एका गृहस्थांचे म्हणणे, ही लावायची नाहीत. दुसरे म्हणाले, मग केसकरांचेच राज्य आणा. दोन कार्डांवर जी. पी. राजरत्नम यांचे कुत्र्याच्या पिल्लाचे कानडी गाणे मागितले होते. शाळेत कानडी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ते पाठ असते, आम्हालाही आहे. ‘मराठी वाचनालयात कानडी गाणे?’ म्हणून एकदोघांच्या भुवया चढल्या. आम्ही म्हटले, गाणे चांगले आहे, मूल आपले आहे, अडचण कुठे आहे? बरीच चर्चा होऊन ते लावायचे ठरले. डीजेच्या गाण्यांवर मात्र एकमत झाले नाही. दोन लावली, बाकीची ‘वेळेअभावी’ राहिली. वेळ होता.

मग एक कार्ड निघाले. अक्षर कानडी. सदस्य ते बाजूला ठेवणार, एवढ्यात आमच्या नजरेला पहिला शब्द पडला. ‘सप्रेम’. पुढचा ‘नमस्कार’. सगळे कार्ड मराठीत होते, लिपी तेवढी कानडी. ‘आज्जीला सशाचं गाणं आवडतंय, ते लावा.’ खाली चौथीतल्या मुलीचे नाव आणि जवळच्याच एका खेड्याचा पत्ता. गावातल्या मराठी शाळेत मुले उरली नाहीत म्हणून तिला दुसऱ्या शाळेत घातलेले. घरी मराठी बोलते, पण ती लिहायला तिला कुणी शिकवलेलीच नाही.

‘अट म्हणजे अट,’ एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. आज एक कार्ड घेतले, तर उद्या सगळी तशीच येतील आणि पेटीचा हेतूच राहणार नाही. शिवाय १९८६ च्या कानडीसक्तीविरुद्धच्या आंदोलनात ते स्वतः लाठ्या खाल्लेले, त्यांच्यापुढे आम्ही कोण? आम्ही एवढेच म्हटले, ‘काका, हे कार्ड तुम्हीच वाचून दाखवा.’ त्यांनी चष्मा लावला. कानडी त्यांना उत्तम येते, आम्हा सगळ्यांनाच येते. त्यांनी ते कार्ड मोठ्याने वाचले, दोनदा वाचले, आणि वाचायच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवले.

संध्याकाळी अंगणात त्या मुलीचे नाव, गाव वाचले गेले. मागच्या बाकावरून एक म्हातारी उठून उभी राहिली. ‘आमचं नाव घेतलं की ग!’ म्हणून नातीला दंडाला धरून हलवू लागली. गाणे सुरू झाले तरी तिचे चालूच.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. पुढच्या शनिवारच्या कार्डावर पत्ता कसा लिहायचा ते विचारू लागली. आम्ही कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिले, ‘मराठी वाचनालय’. तिने बोट ठेवत ठेवत पाहिले आणि एका अक्षरावर थांबली. ‘हा ठ तर आमच्या ठ सारखाच आहे की,’ म्हणाली. मग बाकीची अक्षरे तिने एकेक करून आमच्याकडून म्हणून घेतली, आणि आणखी दोन कोरी कार्डे मागून घेऊन गेली.